लाल पिनेतला आवाज

लग्नाच्या फिल्ममध्ये माणसं बोलताना दिसतात आणि आवाज मात्र सिनेमातल्या गाण्याचा येतो, हे आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही चमत्कारिक आहे असं कोणाला वाटायचंच नाही. नवरीची आत्या रडतेय, काका वाढणाऱ्यांवर खेकसतायत, म्हाताऱ्या बायका तोंड उघडून गातायत, आणि त्या सगळ्यांवर चादर पांघरल्यासारखं एकच गाणं. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला ही चादर पांघरायचं काम मी करायची. त्याला मिक्सिंग म्हणत.

मी वाशीमकडची. आठवीनंतर शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि विरारला फुलपाड्यात आले. नवरा वसईच्या कारखान्यात जायचा आणि मी दिवसभर खोलीत एकटी. मला आधीपासूनच धास्ती घ्यायची सवय. दारावर टकटक झाली की आधी काळीज लटलटायचं आणि मग हात कडीकडे जायचा. शेजारच्या वहिनींना माझी दया आली असावी. त्यांनी उमेळ्याच्या रस्त्यावरच्या एका व्हिडिओ स्टुडिओत सीडीवर लेबलं चिकटवायचं काम मला मिळवून दिलं. स्टुडिओच्या मालकांना सगळे दादा म्हणत. लेबलं चिकटवता चिकटवता मी त्यांच्या खांद्यावरून बघत राहायची. एकदा ते जेवायला गेले असताना मी एक तुकडा जोडून ठेवला. परत आल्यावर त्यांनी तो दोनदा पाहिला आणि म्हणाले, "उद्यापासून लेबलं दुसरं कोणीतरी लावेल. तू या खुर्चीत बस." आठवी शिकलेल्या बाईला कोणी खुर्ची देतं, हे मला कितीतरी दिवस खरं वाटत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. दादा म्हणाले, "या लग्नातला देवळातला भाग आधी लाव." मी अख्खी टेप पाहिली. फादर दिसले, मेणबत्त्या दिसल्या, पांढऱ्या झग्यातली नवरी दिसली. देऊळ काही दिसेना. शेवटी घाबरत म्हटलं, "दादा, देवळातलं शूटिंग राहून गेलं वाटतं."

दादा हसून हसून खोकायला लागले. "अगं, इकडची ख्रिस्ती माणसं चर्चलाच देऊळ म्हणतात. तुझ्यासमोर अर्धा तास देऊळच चाललंय."

ते हसले, पण मी मनाशी एक ठरवून टाकलं. इकडची गावं आपल्याला कळत नाहीत, बोली कळत नाही, काय महत्त्वाचं आणि काय नाही तेही कळत नाही. तेव्हा आपल्या हाताने काही पुसायचं नाही.

काही वर्षांनी दादा गावी राहायला गेले आणि स्टुडिओ बंद झाला. जाताना त्यांनी तो जुना कॉम्प्युटर, सीडी लिहायचं यंत्र आणि दोन स्पीकर माझ्या खोलीवर आणून ठेवले. "इथे धूळ खाण्यापेक्षा तुझ्याकडे चालू राहील," एवढंच म्हणाले. मी घरूनच कामं घ्यायला लागले. बारशी, साखरपुडे, शाळेची गॅदरिंग, जे येईल ते.

मग इंटरनेटवर व्हिडिओ चढवायच्या साइटी आल्या. कोणीही खातं काढावं, आपली फिल्म चढवावी आणि जगात कोणीही ती बघावी. मला ते खरं वाटेना. आमच्या गल्लीच्या टोकाला सायबर कॅफे होता. तो चालवणारा मालवणी माणूस मला म्हणाला, "तू एवढी फिल्मा करतंस, एक चढव तरी." त्यानेच मला खातं काढून दिलं. पण चढवणं हे नुसतं म्हणण्यापुरतं सोपं. व्हीसीडीतली फाइल साइटला चालायची नाही, तिचं रूप बदलून घ्यावं लागे. दहा मिनिटांपेक्षा मोठी फिल्म ती साइट घ्यायची नाही, म्हणून लग्नाचे तुकडे करायचे, पहिला भाग, दुसरा भाग. फाइल मोठी असली तर चढायला अख्खी दुपार लागे आणि मध्येच लाइट गेली की पुन्हा शून्यापासून. मोठ्या स्टुडिओंकडे माणसं असतात, जनरेटर असतात. माझ्याकडे एक पेनड्राइव्ह होता आणि सायबरवाल्याचं चांगलं मन.

त्याच सुमाराला भुईगावच्या मावशी आल्या. मावशी म्हणजे आमच्या स्टुडिओची जुनी गिऱ्हाईक. त्यांच्या मुलीच्या लग्नाची फिल्म मीच जोडली होती. त्यांची बागायत होती. आल्या की पिशवीत सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, घेऊन येत आणि माझ्याशी अगदी शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध मराठी बोलत, कारण त्यांच्या घरातली बोली मला कळत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"बाय, एक काम आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंना वर्षापूर्वी झटका आला, तुला कळलं असेल. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. सगळं समजतं, पण शब्द येत नाही. आता माझ्या लेकीला तिकडे बाळ झालं. ती परदेशात नर्स आहे ना. ती म्हणते, मला आजीचं विहिरीवरचं गाणं पाहिजे."

ते गाणं मला चित्रापुरतं आठवत होतं. मांडवाच्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला गेलेल्या, पुढे म्हातारी, हात वर करून गातेय. नवरी तेव्हा घरात होती, त्यामुळे तिने ते गाणं प्रत्यक्ष ऐकलंच नव्हतं. नंतर ऐकू कधीतरी, आजी काय, आहेच. आणि आता आजी होती, पण आवाज नव्हता.

"फिल्मची डिस्क टपालाने पाठवली तर तडकून पोचली," मावशी म्हणाल्या. "ती म्हणते, नेटवर टाका, मी इकडे बघेन. तू टाकशील ना?"

"टाकीन की," मी म्हटलं. पण त्या भागावर मी सिनेमातलं गाणं घातलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. मूळ टेप स्टुडिओत केव्हाच दुसऱ्या लग्नाला वापरली गेली असणार. सगळ्याच स्टुडिओंत तसं करत. फिल्म दिली की टेप पुन्हा कॅमेऱ्यात.

त्यांना तसं सांगायचा धीर झाला नाही. माझ्याकडे प्रत्येक फिल्मची एक प्रत असायची, तिच्यावरून तो भाग काढला आणि घरी लावून पाहिला. गाणं. नुसतं सिनेमातलं गाणं, आणि खाली म्हातारी तोंड उघडून उभी. मी कान स्पीकरला लावला. तिचा एक शब्द नाही. तरी म्हटलं, निदान चेहरा तरी दिसेल पोरीला. दुसऱ्या दिवशी सायबरमध्ये जाऊन ते चढवलं. लाइट गेली नाही, याचंच मला केवढं समाधान.

दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहायला गेले तर फिल्म चालत होती, पण आवाज नव्हता. खाली इंग्रजीत एक ओळ आली होती. मी ती बोट ठेवून वाचली. हक्क, परवानगी, असलं काहीतरी. मी सायबरवाल्याला हाक मारली.

"दादा, हे पोलिसांचं आहे का?"

सायबरवाला वाकून वाचायला लागला. "पोलीस कित्याक येतीत? तेंका दुसरी कामां नाय? गाण्याचो मालक वेगळो, म्हणान साइटवाल्यांनी आवाज बंद केलो हा. फिल्म ठेवली हा मा? झाला तर."

"पण ते लग्नाचं आहे. लग्नात सगळेच गाणी लावतात."

"लग्नात लाव गो. जगात लावलंस ना तू."

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. आता ते सिनेमाचं गाणंही नव्हतं. म्हातारी हात वर करून उभी, तोंड उघडतेय, मिटतेय, बायका मान डोलावतायत, आणि कुठेच काही नाही. गेलं वर्षभर तिच्या घरात ती तशीच दिसत असेल, असं मनात आलं आणि मी तिथून उठले.

त्या रात्री परदेशातून मावशींना फोन आला. मावशींचा मला. "ती म्हणते, आई, यात आजी मुकी आहे. मी म्हटलं, मशीनची चूक असेल, मी बायला विचारते." मावशींच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मी ठरवलं, जाऊन तोंडावर सांगायचं. फोनवर असलं सांगू नये. सकाळी वसईची गाडी धरली, तिथून एसटीने भुईगाव. उतरल्यावर त्या अरुंद गल्लीतून जाताना मी वाक्यं जुळवत होते. मावशी, आवाज राहिला नाही. मावशी, तो तेव्हाच गेला. कोणतंच वाक्य धड होत नव्हतं.

म्हातारी लाल चौकटींचं लुगडं नेसून पडवीत खुर्चीत बसली होती. मला पाहून तिने डावा हात उचलला. मावशी म्हणाल्या, "ओळखलं बघ तुला. हातानेच म्हणतायत, फिल्मवाली आली." मग मला आत नेलं, सरबत दिलं, आणि मी बोलायच्या आत म्हणाल्या, "थांब, आमच्याकडची डिस्क लावते. नेटवर बिघडलं असेल, पण आमच्या टीव्हीवर तरी आवाज आहे ना बघू." त्यांनी म्हातारीची खुर्ची उचलून आत आणवली आणि टीव्ही लावला.

लग्न सुरू झालं. देऊळ, फादर, केक. मग विहीर. आणि सिनेमाचं गाणं. मावशी म्हणाल्या, "हे तेच. याच्या खालून थोडा येत असेल ना सासूबाईंचा?" आणि आवाज वाढवला. गाणं वाढलं. टीव्हीतून खरखर यायला लागली.

खरखर आली की मी बघत बसू शकत नाही, धंद्याची सवय. मी उठून टीव्हीच्या मागे गेले, पिन हलवून बघावी म्हणून. टीव्ही जुना, मागे आवाजाचं एकच भोक. त्यात पांढरी पिन खोचलेली. पिक्चरची पिवळी पिन पिवळ्यात. आणि प्लेअरमधून आलेली तिसरी, लाल पिन, भिंतीलगत खाली लोंबत होती. तिच्यावर जळमट बसलं होतं.

मी तशीच वाकून राहिले. व्हीसीडीच्या प्लेअरमधून आवाजाच्या दोन वायरी निघतात. पांढरी डाव्या बाजूची, लाल उजव्या बाजूची. स्टुडिओत मिक्सिंगच्या टेबलावर आम्ही दोन्ही लावायचो. घरातल्या टीव्हीला भोक एकच, म्हणून लोक पांढरी लावायचे आणि लाल तशीच सोडून द्यायचे.

आणि मग आठवलं. दादांचा नियम होता, सगळीकडे गाणं पाहिजे, लोकांना गाणं आवडतं. मला वाटायचं, या बायका काहीतरी म्हणतायत, मला कळत नाही म्हणून मी ते पुसायचं का? सुरुवातीच्या काही महिन्यांत मी एक करायची. जिथे बायका गात असतील तिथे सिनेमाचं गाणं डावीकडे टाकायची आणि मूळ आवाज उजवीकडे ठेवायची. वाटायचं, लोकांना दोन्ही मिळून ऐकू येईल. दादांनी गिऱ्हाइकांना दाखवायच्या टीव्हीवर बघून पास केलं होतं, आणि त्या टीव्हीलाही भोक एकच होतं. माझ्या खोलीवर जे दोन स्पीकर आले त्यांतला उजवा वर्षापूर्वीच बंद पडला होता. म्हणून मलाही कळलं नाही.

"मावशी," मी टीव्हीच्या मागूनच म्हटलं, "जरा थांबा हां."

पांढरी काढली. खोलीत एकदम शांत झालं. लाल पिन वर धरून पदराला पुसली, म्हातारी बघत होती, आणि खोचली.

आधी बाजा आला, लांबून. मग फटाका. मग अगदी जवळून एक पुरुषी आवाज, "ओ काकी, जरा बाजूला, डोकं येतंय तुमचं." तो कॅमेरावाला. मावशी म्हणाल्या, "हा कोण मेला?" आणि त्याच्या खोकल्याच्या पलीकडून एक बारीक, ताठ आवाज उठला. म्हातारीचा. मला एक शब्द कळत नव्हता. मावशी उभ्या होत्या त्या खाली बसल्या, सतरंजीवरच, हात अजून रिमोटवर.

मी म्हातारीकडे पाहिलं. मला वाटलं, रडेल. ती अजिबात रडली नाही. मान वाकडी करून, डोळे बारीक करून ऐकत होती, परीक्षक असल्यासारखी. फिल्ममध्ये दुसऱ्या बाईने मध्येच ओळ उचलली तेव्हा म्हातारीने डावा हात झटकला आणि तोंडाने एक नापसंतीचा आवाज काढला.

मावशी आधी चमकल्या, मग हसायला लागल्या, डोळे पुसत पुसत. "ती चुलत सासू. तिने ओळ चुकवली होती. अजून सोडत नाहीत बघ जावेला."

तो भाग त्यांनी चार वेळा लावला. शेजारच्या दोन बायका आवाज ऐकून आल्या. एक दारातच म्हणाली, "कोन गातंय?" मावशी म्हणाल्या, "ऐक की." ती ऐकून म्हणाली, "काकी बोलायला लागल्या काय?" आणि मग म्हातारीला खुर्चीत गप्प बसलेलं पाहून तिने तोंडावर हात ठेवला.

परत येताना मावशींनी सुकेळी तर दिलीच, वर म्हणाल्या, "तू आज काहीतरी सांगायला आली होतीस ना? काय सांगायचं होतं?"

"तेच," मी म्हटलं. "पिनेचं."

घरी येऊन त्याच दुपारी बसले. डावी बाजू पूर्ण काढली. उजवी दोन्हीकडे केली. कॅमेरावाल्याचा खोकला कमी करता आला तेवढा केला, पण "डोकं येतंय तुमचं" ठेवलं. ते काढलं तर गाण्याची पहिली ओळ तुटत होती. खाली नाव काय लिहायचं हा प्रश्न होता. आमच्या स्टुडिओचा मराठी फॉण्ट तिथे टाकला की नुसती वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं यायची, कंस आणि टिंबं. सायबरवाल्याने एक एक अक्षर शोधून लिहून दिलं, "भुईगाव विहिरीवरचं गाणं". लिहून झाल्यावर म्हणाला, "मराठी लिहायचा म्हणजे आवशीच्या बाळंतपणाच्या कळा."

चढलं. आता माझी खरी धास्ती सुरू झाली. पुन्हा कोणी मालक निघाला तर? मी रोज कॅफेत जायची, हेडफोन लावायची आणि पहिली ओळ ऐकून यायची. सायबरवाला थट्टा करायचा, "हजेरी झाली? म्हातारी जागी आसा?" एकदा हेडफोनची एक बाजू बंद असलेला मिळाला, आवाज अर्धाच आला, तर माझा जीव वर आला. दुसरा हेडफोन लावून पाहिल्यावर खाली आला.

आवाज गेला नाही. त्या गाण्याला कोणी मालक निघाला नाही. मग परदेशातून थेट मलाच फोन आला. मावशींनी नंबर दिला होता.

"ताई, तुम्हाला आजी काय म्हणते ते कळलं का?"

"नाही," मी म्हटलं. "मला तुमची बोली येत नाही."

तिच्या मागे बाळाचा आवाज होता. "ती विहिरीला विचारते, एवढी माणसं पाणी न्यायला आली, त्यातलं तुझं माणूस कोणतं? आणि मग विहीर माझं नाव घेते. मला माहीतच नव्हतं की त्यात माझं नाव आहे. मी तेव्हा आत साडीला पिना लावत बसले होते."

मी म्हटलं, "छान आहे." आणि फोन ठेवला. गावाकडची आमची विहीर आठवली, पण तिने कोणाचं नाव घेतलं असतं ते कळेना.

मग उमेळ्याकडच्या, गिरिजच्या बायका जुन्या डिस्क घेऊन यायला लागल्या. "आमच्यात लाल पिनेचं काही आहे का बघ." काहींत निघायचं, काहींत नुसता बाजा. ज्यांच्यात नाही, त्यांच्याकडे मी कॅमेरा भाड्याने आणून जायची, एखाद्या दुपारी, आणि बायकांना सांगायची, आता मिक्सिंग नाही, जे गाल तेच राहील. तसं माझं ते इंटरनेटवरचं पान हळूहळू भरत गेलं.

भुईगावला मात्र एक अडचण झाली होती. मावशींचा नातू, मुलाचा मुलगा, टीव्हीवर सिनेमाच्या डिस्का लावायचा, आणि लाल पिन असली की त्याच्या काही सिनेमांत निम्मे संवाद पुसट यायचे. तो पांढरी लावून टाकायचा. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा फिल्म सुरू होती, विहीर आली होती, आणि वर सिनेमाचं गाणं. म्हातारीने आधी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलता तर येत नव्हतं. तिने डाव्या हाताने आपल्या लुगड्याची लाल चौकट चिमटीत धरली आणि मला दाखवली.

मला समजायला क्षणभर लागलं. मग मी टीव्हीच्या मागे गेले, पांढरी काढली आणि लाल पिन खोचली.